गोणी माझी, पिस्तूल कुणाचं

मंगळवार, ५ मार्च

काल संध्याकाळी जामिनावर घरी आलो. वकीलबाई म्हणाल्या, त्या दिवशी काय काय झालं ते आठवतंय तोवर लिहून काढा आणि मला द्या. तशी चार पानं लिहून दिली. पण माझा हात माझ्या तोंडासारखाच आहे, एकदा सुटला की थांबत नाही. उरलेलं इथे लिहितोय. हे त्यांच्यासाठी नाही.

झालं ते असं. गुरुवारी सकाळी मी वर्कशॉपमध्ये एका आजीबाईंच्या खालच्या कवळीचं मेण घडवत होतो. दारात पाच पोलीस आणि पंच म्हणून शेजारचे दोघे. झडतीचा कागद दाखवला. त्यांना हवा होता चिमण्या, म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. सहा फुटांचा, चाळिशी उलटलेला माणूस, पण घरात अजून चिमण्याच. त्याच्या भागीदाराने तक्रार केली होती की हा मला जिवे मारायच्या धमक्या देतो आणि याच्याकडे हत्यार आहे. भागीदाराने त्याला धंद्यातून काढलं, गोदामाचं कुलूप बदललं, तेव्हापासून दोघांचं वाकडं आहे हे खरं. चिमण्या मधूनमधून आमच्या मागच्या खोलीत येऊन राहतो, म्हणून झडती आमच्याकडे.

चिमण्या घरी नव्हता. मागच्या खोलीत काही निघालं नाही. मग ते वर्कशॉपमध्ये आले. मी सगळ्यांना चहा विचारला. एका शिपायाने प्लास्टरच्या फोडलेल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक गाठोडं बाहेर काढलं. कापडात गुंडाळलेलं पिस्तूल. पांढरंफटक, जणू साचा घ्यायला कुणी माझ्याकडे आणून दिलंय.

"हे कुणाचं?" अधिकाऱ्याने विचारलं. त्याचे पुढचे दात झिजून सपाट झालेले. झोपेत दात खाणारा माणूस.

मी म्हणालो, "साहेब, घर माझं, वर्कशॉप माझं, गोणी माझी. पण हे काय आहे ते मला ठाऊक नाही."

त्यांनी लिहिलं ते 'गोणी माझी' पर्यंत.

गुरुवार, ७ मार्च

वकीलबाईंचं ऑफिस झेरॉक्सच्या दुकानावर आहे. जिन्यात गरम कागदाचा वास येतो. बाई चाळिशीच्या आतल्या. डावा सुळा पुढे आलेला, तो त्यांनी कधी सरळ करून घेतलेला नाही. मला तेवढ्यावरूनच विश्वास वाटला.

"गप्प बसायचा तुम्हाला अधिकार आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं ना. अधिकाऱ्याने वाचूनच दाखवलं."

"मग?"

"मी म्हटलं, मला लपवायचं काय आहे?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्या साध्या माणसांना वाटतं की तो अधिकार चोरांसाठी आहे. म्हणून चोर सुटतात आणि साधी माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. बरं, समजा मी आत्ता माझी किल्ली तुमच्या कोटाच्या खिशात गुपचूप टाकली. ती तुमच्या ताब्यात आहे का?"

"खिसा तर माझाच आहे."

"बघा, परत तेच." मग त्यांनी सावकाश समजावलं. ताबा म्हणजे नुसती वस्तू घरात सापडणं नव्हे. ती तिथे आहे याची माहिती हवी आणि तिच्यावर हुकमत हवी. "हुकमत तुम्ही स्वतःच्या तोंडाने देऊन बसलात. आता उरली माहिती. तुम्हाला माहीत होतं, हे त्यांनी सिद्ध करायचंय. माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. हा फरक डोक्यात ठेवा आणि तोंडात आणू नका."

मग विचारलं, वर्कशॉपची किल्ली कुणाकुणाकडे असते. मी म्हटलं, माझ्याकडे आणि हिच्याकडे. तयार कवळ्या डब्यांत भरून दवाखान्यांत पोचवायचं काम बायकोचं, लग्न झाल्यापासून. मेहुण्याकडे किल्ली नाही.

वकीलबाईंनी ते लिहून घेतलं. "तुमच्या पत्नीसाठी वेगळा वकील बघा," त्या म्हणाल्या.

मला राग आला. "ती काय आरोपी आहे?"

"नाही. म्हणूनच आत्ता बघा. आणि त्यांना इथे आणू नका. त्या माझ्याशी केसबद्दल काही बोलल्या, तर मी तुमची वकील आहे, त्यांची नाही, एवढं लक्षात असू द्या."

मला दातांतली फट दिसते, वकिलांना माणसांतली. घरी येऊन ते वेगळ्या वकिलाचं हिला गंमत म्हणून सांगितलं. ही हसली नाही. एवढंच विचारलं, "त्या असं का म्हणाल्या?"

शनिवार, ९ मार्च

दोन दवाखान्यांनी काम पाठवणं थांबवलं. एकाने निदान फोन तरी केला. "पेशंट विचारतात हो," म्हणाला. तोंडात घालायची वस्तू, ती कुणाच्या हातून येते हे लोक बघणारच.

ही वर्कशॉपमध्ये पाऊल टाकत नाही. म्हणते, प्लास्टरच्या धुळीने खोकला येतो. इतकी वर्षं माझ्याबरोबर तीच धूळ खाल्ली तेव्हा आला नाही. उलट बाकीचं घर दिवसातून दोनदा पुसते. जेवण नीट नाही. गालाच्या आतल्या बाजूला चावत बसते, ही तिची जुनी खोड. तिथे जखम होईल, सांगून माझ्या दाताच्या कण्या झाल्या. माझी काळजी हिला आतून खातेय.

आज जेवताना म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"बोल की," मी म्हटलं आणि तेवढ्यात मला कोठडीतला एक म्हातारा आठवला. त्याची कवळी काढून घेतली होती, गिळेल म्हणून. दोन दिवस पाव पाण्यात बुडवून खात होता. ते हिला सांगायचं राहिलं होतं. सगळं सांगितलं. माझं संपलं तोवर ही ताटं उचलून आत गेली होती. मी विचारलं, काय बोलायचं होतं गं? म्हणाली, काही नाही, राहू दे.

मंगळवार, १९ मार्च

आरोपपत्राची प्रत मिळाली. त्यात मुद्देमालाचे फोटो आहेत. पिस्तूल, गोळ्या आणि ते कापड उलगडून पसरलेलं. पिवळ्या जमिनीवर तपकिरी पानं. त्या दिवशी प्लास्टरमुळे नीट दिसलं नव्हतं. आमच्याच जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा आहे.

म्हणजे ज्याने ठेवलं त्याने आमचाच अभ्रा फाडला. काय निर्ढावलेला माणूस असेल. हिला फोटो दाखवला. बघितलं आणि म्हणाली, "असं कापड बाजारात खूप मिळतं."

मी म्हटलं, "अगं, आपलाच आहे. तूच तर आणला होतास."

"असेल," म्हणाली.

शुक्रवार, २२ मार्च

सदऱ्याचं बटण तुटलं. ही बाहेर गेली होती, म्हणून सुईदोऱ्याची पेटी मीच उघडली. तळाशी त्या अभ्र्याचं उरलेलं कापड होतं. एक चौकोन कमी. फाडलेला नाही, कात्रीने सरळ कापलेला, कड दुमडून.

होतं तसं परत खाली ठेवलं. जुने अभ्रे सगळ्याच घरांत फडक्यांसाठी कापतात. आणि ती पेटी कुठे असते हे चिमण्यालाही ठाऊक आहे.

बटण लावायचं राहून गेलं.

बुधवार, २७ मार्च

चिमण्या आला. पोलिसांनी त्याला दोनदा बोलावून चौकशी केली आणि सोडून दिलं, कारण त्याच्याजवळ काही सापडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी स्वतःच्या गळ्याभोवती बघतोय. चिमण्याची दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पण आल्या आल्या खुर्चीत असा बसला की जणू मीच त्याच्या घरी आलोय.

"भावोजी, मी एका वकिलाला विचारलं," तो म्हणाला. "तुम्ही कबूल करून टाका. पहिला गुन्हा, वय झालेलं, धंदा सचोटीचा. तुम्हाला जुजबी शिक्षा होईल. माझ्यावर आधीची मारामारीची केस आहे. मी सापडलो तर मला आत सडवतील."

"ते पिस्तूल तुझं आहे का?"

"माझं आहे असं कोण म्हणतं?"

"मग माझ्या गोणीत कुणी ठेवलं?"

तो स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागला. "ते ताईला विचारा."

ही दारातच उभी होती. हात ओले. "चिमण्या, तू आता जा," म्हणाली. हिचा असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तो एवढा धिप्पाड माणूस, मुकाट्याने उठला आणि गेला.

मी म्हटलं, "बघितलंस? मला कबूल करायला लावायचं आणि समजूत घालायला तुला पुढे करायचं. तुझ्या आडून वार करतोय."

"तसं नाही हो, ऐका तर..."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. लहानपणापासून घेत आलीस, म्हणून तो असा झाला." मग मी बरंच बोललो. त्याने माझी स्कूटर नेऊन ठोकली होती तिथपासून. ही ऐकून घेत राहिली.

मंगळवार, २ एप्रिल

वकीलबाईंनी बोलावलं. तपासणीचा अहवाल आलाय. पिस्तूल चालतं, खेळणं नाही. त्यावर दोन वेगवेगळ्या माणसांच्या बोटांचे ठसे मिळाले आहेत आणि त्यात माझा एकही नाही.

माझा जीव भांड्यात पडला. बाई मात्र खुशीत दिसेनात.

"घरात ज्यांची ये-जा आहे त्या सगळ्यांचे ठसे घेऊन ताडून बघावेत, असा अर्ज मी कोर्टात करू शकते," त्या म्हणाल्या. "तो मंजूर होईल आणि बहुधा तुम्ही सुटाल. करू का?"

"करा की."

"आज उत्तर देऊ नका. घरी जा, विचार करा. अर्ज मागे घेता येतो, त्यातून जे बाहेर येईल ते मागे घेता येत नाही."

"त्यात विचार कसला? मला लपवायचं काय आहे?"

"हे वाक्य तुम्ही आधी एकदा म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. पण कागदावर सही घेतली.

घरी येऊन हिला आनंदाची बातमी दिली. ही इस्त्री करत होती. म्हटलं, आता चिमण्याचं पितळ उघडं पडणार, सगळ्यांचे ठसे घेणार आहेत, तुझेसुद्धा. अर्थात तुझं नावापुरतं. जळल्याचा वास आला तेव्हा मी पुढे होऊन तिच्या हातातली इस्त्री उचलली. माझाच सदरा होता, बिनबटणाचा.

गुरुवार, ४ एप्रिल

सकाळी ही म्हणाली, दवाखान्यात डबा पोचवून येते. ती गेल्यावर बघतो तर डबा टेबलावरच. वाटलं, विसरली.

दुपारी एका पुरुषाचा फोन. मी तुमच्या पत्नीचा वकील, म्हणाला. मी म्हटलं, माझ्या पत्नीला वकील नाही. तो म्हणाला, आहे, आणि त्यांनी आज मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिलाय. पिस्तूल त्यांनी ठेवलं होतं. जामिनासाठी घराचे कागद आणि तुमचं ओळखपत्र घेऊन या.

मी खाली बसलो. मग परत उठून मोटर चालू केली आणि त्या डब्यातल्या कवळीला पॉलिश करायला लागलो. तिला आधीच पॉलिश झालेलं होतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

काल तिला जामिनावर घरी आणलं. आज सकाळी तिने आपणहून सांगितलं. मी लिहितोय ते तिच्याच शब्दांत, जमेल तेवढं.

फेब्रुवारीत मी एका दवाखान्यात मापं घ्यायला गेलो होतो. चिमण्या मागच्या खोलीत पिऊन बसला होता, पिस्तूल मांडीवर. म्हणाला, ताई, मी आज भागीदाराच्या घरी जाऊन येतो. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, दे इकडे. लहानपणी हातातली कात्री मागून घ्यायची तशी. त्याने दिलं आणि रडायला लागला. दुसऱ्या दिवशी उतरल्यावर परत मागायला लागला. तिने सांगितलं, कालव्यात टाकलं.

"खरंच टाकायचं होतं," ती म्हणाली. "दोनदा पिशवीत घालून निघाले. कोपऱ्यापर्यंत गेले की वाटायचं, सगळे माझ्या पिशवीकडेच बघतायत. परत आले. गोणीत तुम्ही इतक्यात हात घालणार नाही असं वाटलं, दुसरी गोणी वापरात होती ना."

"त्याच दिवशी पोलिसांत का नाही दिलंस?"

"भावाला हाताने तुरुंगात घालू?"

"आणि मला घातलंस ते?"

"तुम्हाला नेलं तेव्हा वाटलं, निर्दोष आहात, दोन दिवसांत सोडतील. मग वाटलं, चिमण्याला लाज वाटेल, तो सांगेल. मग प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेला."

"मला तरी सांगायचंस."

"सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही बोलत होता."

तिने आपली उशी उचलून मागच्या खोलीत नेली आहे. मी थांबवलं नाही.

रविवार, ७ एप्रिल

राग येतो, आणि तो धड तिच्यावर टिकत नाही.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, आज उत्तर देऊ नका. त्यांना कळलं होतं, पहिल्याच दिवशी. चिमण्याने तर तोंडावर सांगितलं. आणि मी स्वतः त्या पेटीत कापड बघितलं होतं. चौकोन सरळ कापलेला, कड दुमडलेली. आमच्या घरात कापड असं एकच माणूस कापतं. चिमण्याला केकसुद्धा सरळ कापता येत नाही.

मग 'करा की' म्हणालो तेव्हा मला माहीत होतं का? घरी येऊन 'तुझेसुद्धा' म्हणालो, ते सहज की तिने ऐकावं म्हणून? मला कोठडीची भीती होती, हे खरं. त्या म्हाताऱ्यासारखं पाण्यात पाव बुडवून खायची भीती. मला माहीत होतं असं शपथेवर सांगता येणार नाही. नव्हतं असंही सांगता येणार नाही. वकीलबाईंनी ताब्याची व्याख्या सांगितली, पण माणसाच्या मनात एखादी गोष्ट पडून असते आणि तो तिच्याकडे बघत नाही, त्याला काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

मंगळवार, १४ मे

माझ्यावरचा आरोप काढून टाकला. न्यायाधीशांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि पुढची फाइल घेतली. चिमण्याला गेल्या महिन्यातच अटक झाली. दुसरे ठसे त्याचेच निघाले. तो ताईला भेटायला नकार देतो. ही दर आठवड्याला तुरुंगावर जाते, खिडकीवर नाव सांगते, परत येते.

हिच्या खटल्यात सरकारी वकिलाला माझी साक्ष हवी होती. बायकोने सांगितलेलं कोर्टात उघड करायची नवऱ्यावर सक्ती करता येत नाही, हे हिच्या वकिलाने आधीच समजावलं होतं. तरी सरकारी वकिलाने गोड बोलून विचारलं, स्वखुशीने काही सांगायचंय का.

"नाही," मी म्हणालो.

तो वाट बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. वरच्या दाढांत सोन्याची टोपी आहे त्याच्या, जुन्या पद्धतीची.

शुक्रवार, १७ मे

आज ही वर्कशॉपमध्ये आली. न बोलता डबे पुसले, नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. एक दवाखाना परत काम पाठवतो. मी विचारलं, उशी आत आणायची का. म्हणाली, निकाल लागू दे. मी तुरुंगात गेले तर तुम्हाला एकट्याने झोपायची सवय असलेली बरी.

गुरुवार, २० जून

आज निकाल लागला.

न्यायाधीशबाई वयस्कर आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर. म्हणाल्या, पिसाळलेल्या माणसाच्या हातातून हत्यार काढून घेणं हा गुन्हा नाही. ते लगेच पोलिसांकडे दिलं असतं तर हा खटलाच उभा राहिला नसता. पण तुम्ही ते ठेवून घेतलंत, लपवलंत आणि दुसऱ्या माणसाला कोठडीत जाऊ दिलंत. म्हणून दोषी. मग वय, आधी एकही गुन्हा नसणं, आपणहून दिलेला जबाब, असं सगळं वाचलं. तुरुंग नाही. दोन वर्षं चांगल्या वागणुकीचा बॉण्ड.

मी हिच्याकडे बघितलं. हिला 'दोषी' एवढंच ऐकू आलं होतं. हिच्या वकिलाला परत समजावून सांगावं लागलं.

बाहेर व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. तेवढ्यात समोरच्या कोर्टातून चिमण्याचा भागीदार बाहेर आला. चिमण्याच्या खटल्यात आज त्याची साक्ष होती. मी त्याला पहिल्यांदाच जवळून बघत होतो. साठीला आलेला, बसक्या बांध्याचा, काखेत फाइल. वरच्या दातांचा ब्रिज कुणीतरी वाईट बसवलाय, बोलताना हलतो. त्याने आम्हाला ओळखलं आणि थांबला.

"सुटलात ना शेवटी?" हिला म्हणाला. "भाऊ पिस्तूल घेऊन फिरणार, बहीण लपवणार. सगळं खानदान एका माळेचं. आणि फेऱ्या मात्र मी मारायच्या. आज गाडी लावायलासुद्धा जागा मिळाली नाही."

मी उठायला लागलो. माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. कुणामुळे तू आज इथे उभा राहून शिव्या देऊ शकतोस, तिथपासून सुरुवात करणार होतो. हिने माझा हात धरून खाली बसवलं.

"तुमची तब्येत बरी आहे ना?" हिने त्याला विचारलं.

"गुडघे दुखतात," तो म्हणाला, जरा घुश्शातच, आणि वळला.

जिना दगडी, उंच पायऱ्यांचा. एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो उतरायला लागला. मध्येच थांबला, फाइल दुसऱ्या काखेत घेतली, फोन काढून कुणाला तरी म्हणाला, निघालोय, जेवायला थांबा.

ही बाकावरून उठून कठड्यापाशी गेली आणि वरून बघत उभी राहिली. तो खालच्या दारातून उन्हात गेला, गाड्यांच्या गर्दीत दिसेनासा झाला, तोवर बघत होती.

मी मागे थांबलो होतो. घाई केली नाही.